सुडी म्हणजे गवताची गंजी नव्हे



परवा घरच्या प्रार्थनेत निर्गमाचा २२ वा अध्याय वाचत होतो. सहाव्या वचनाशी नात अडली. "आजोबा, सुड्या म्हणजे काय हो?" मी सहज सांगून टाकलं, "गवताची गंजी गं." ती खो खो हसायलाच लागली. शाळेत दिवसभर हिंदी बोलणारी पोर. तिला गंजी म्हणजे टकली बाई! हसून झाल्यावर मात्र तिने विचारलं, "गवतच जळालं ना? मग एवढी भरपाई कशाला?"

प्रश्न बरोबर होता, माझं उत्तर चुकलं होतं. गंजी ही चाऱ्याची, वाळल्या गवताची. सुडी ही कापलेल्या पिकाची, कणसं-लोंब्यांसकट. पीक कापायचं, पेंढ्या बांधायच्या आणि मळणी होईपर्यंत त्या रचून ठेवायच्या. कणसं आत, बुडखे बाहेर, म्हणजे अवकाळी पाऊस आला तरी दाणा भिजत नाही आणि पाखरांचीही चोच पोचत नाही. कोकणात भाताची उडवी, देशावर कुठे ज्वारीचं बुचाड म्हणतात, ते याच जातीचं. म्हणजे सुडी जळाली की घरचं वर्षाचं अन्न गेलं, पुढचं बियाणंही गेलं. शमशोनाने पलिष्ट्यांच्या सुड्या जाळल्या तेव्हा ते एवढे का खवळले, हेही मग कळतं. आणि ईयोबाच्या ५ व्या अध्यायात पुऱ्या वयात आलेल्या मरणाला हंगामात घरी आणलेल्या पिकाची उपमा आहे, तीही गवताला लागू पडणार नाही.

शब्द हरवला यात नवल नाही. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी इथे पडली, तिचंच आपलं लष्कर झालं. मराठी घरांत भाषा टिकली, पण बहुतेकांचं शेत सुटलं. आता तर डबरा-भितरवारकडे शेतकऱ्यांनाही सुडी रचावी लागत नाही. हार्वेस्टर कापतो, तोच मळतो, दाणे थेट ट्रॉलीत.

मागे उरते ती नरवाई. पुढच्या पेरणीची घाई, म्हणून काडी ओढली जाते. एप्रिलची लू सुटलेली असते. बांध ओलांडून ठिणगी शेजारच्या उभ्या गव्हात जाते, आणि "मी तर माझंच शेत जाळत होतो" असं म्हणायची पाळी येते. त्या वचनात नेमकी हीच गोष्ट आहे. आग मुद्दाम लावलेली नाही, काट्याकुट्यांतून पसरलेली आहे. तरी पेटवणाऱ्याने शेजाऱ्याचं नुकसान भरून द्यायचं आहे. हेतू वाईट नव्हता एवढ्यावर सुटका नाही. नरवाईचा भुसा करून घ्यायला चार पैसे आणि चार दिवस जास्त लागतात खरे. पण शेजाऱ्याचं वर्ष त्याहून मोठं आहे.

नातीला हे सगळं नीट सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे सुडी म्हणजे वर्षभराच्या पोळ्या!"

याहून चांगला अर्थ मला तरी सांगता येणार नाही. तुमच्या घरी, तुमच्या मूळ गावी सुडीला काय म्हणतात, ते या पानावर जरूर कळवा.

आपला,
एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर