हुकलेल्या थरांचा माग

5 सप्टेंबर 1927 रोजी फ्रान्सच्या आल्सास प्रांतात, पेशेलब्रॉनच्या तेलक्षेत्रावर, आँरी डॉल आणि त्याच्या सोबत्यांनी एका विहिरीत इलेक्ट्रोड सोडले. दर मीटरला थांबायचं, मोजायचं, आकडा टिपायचा आणि केबल पुन्हा हलवायची. त्या आकड्यांवरून हाताने काढलेला आलेख हा तेलविहिरीचा पहिला विद्युत लॉग. पद्धत कॉनरॅड आणि मार्सेल श्लुंबर्जे या भावांची. खडकाच्या छिद्रांतलं खारं पाणी वीज वाहून नेतं, तेल-वायू नेत नाहीत. रोधकता, म्हणजे विजेला होणारा अडथळा, जास्त दिसली की आशा वाढायची.

1942 मध्ये गस आर्चीने सच्छिद्रता, पाणी आणि रोधकता एका सूत्रात बांधली. त्यामुळे छिद्रांत पाणी किती आणि तेल किती, हे आकड्यात मांडता येऊ लागलं. पण सूत्र होतं स्वच्छ वालुकाश्मासाठी. निसर्गात मात्र वाळू आणि शेल (वीज सहज वाहू देणारा चिकणमातीचा खडक) अनेकदा बोटभर जाडीच्या थरांत एकाआड एक बसलेले असतात. उपकरण एका वेळी असे कितीतरी थर मिळून एकच आकडा देतं.

इथेच घोळ झाला. 1949 मध्ये डॉलनेच कॉइलने खडकात प्रवाह उठवणारा इंडक्शन लॉग मांडला. खोदताना विहिरीत भरलेल्या तेलाधारित मडमध्येही (चिखलात) तो चालायचा, ही मोठीच सोय. पण उभ्या विहिरीत त्याचा प्रवाह विहिरीभोवती आडवाच फिरतो आणि शेलची सोपी वाट धरतो. समजा, खडकात निम्मी वाळू, तेलाने भरलेली, रोधकता 20 ओहम-मीटर; निम्मा शेल, 1 ओहम-मीटर. आडवा प्रवाह दाखवतो जेमतेम 1.9. प्रवाह उभा, म्हणजे थर भेदत गेला, तर 10.5! खडक तोच, तेल तेवढंच. पण 1.9 बघून कुणीही 'पाणी' असा शेरा मारून पुढे जाईल. असे थर हुकले, याची मला मनापासून हळहळ वाटते. कारण अज्ञान हे त्याचं कारण नव्हतं. कुन्झ आणि मोरन यांनी दिशेनुसार बदलणाऱ्या रोधकतेचा विहिरीतल्या मोजमापांवरचा परिणाम 1958 मध्येच सविस्तर मांडला होता. उभी रोधकता मोजणारं उपकरण तेवढं हाताशी नव्हतं.

पुढे तिरक्या आणि आडव्या विहिरी वाढल्या. त्याच थरांतून तिरकं गेलं की आकडा वेगळा येई, आणि मग या प्रश्नाकडे डोळेझाक करणं अवघड झालं. तीन दिशांना कॉइल असलेली इंडक्शन उपकरणं बाजारात आली ती 2000 च्या आसपास. आडवी आणि उभी रोधकता वेगळी मिळाली, की शेलचा वाटा बाजूला काढून वाळूतलं तेल मोजता येतं. आपल्याकडे कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या पातळ थरांसाठी हे मोजमाप मोलाचं आहे.

जुन्या विहिरींचं काय? विहिरीत पोलादी केसिंग (नळीचं अस्तर) बसलं की तिथे इंडक्शन उपकरण चालत नाही; त्याने दुसऱ्यांदा मोजायची सोय नाही. हाती उरतात मुख्यतः जुने लॉग आणि पेटीत ठेवलेले कोअर, म्हणजे विहिरीतून काढलेले खडकाचे दंडगोल नमुने. ते कोअर गोदामातली अडगळ समजून टाकून देऊ नयेत. थरांची जाडी त्यांच्यावर मोजून जुना लॉग नव्याने वाचता येतो.