गोली आधी निवडा

शाळेच्या मैदानावर संघ पाडताना चपळ मुलं आधी वाटली जातात. शेवटी जो उरतो त्याला सांगतात, "तू गोलीत थांब." तो नवखा असतो, नाहीतर पळायला जरा जड असतो. फुटबॉलच्या मोठ्या मैदानावर हे एकवेळ खपून जातं, फुटसालमध्ये खपत नाही. इथे संघात पाचच जण असतात आणि चेंडू क्षणात या टोकाहून त्या टोकाला जातो. गोली कच्चा असला की उरलेले चौघे कितीही चांगले खेळोत, सामना हातचा जातो. मी स्वतः गोली म्हणून खेळले. आता सांगलीत आणि सुट्टीच्या दिवशी साताऱ्यात मुलामुलींना गोलरक्षण शिकवते. फुटसालचा संघ बांधायचा तर पहिली निवड गोलीची करावी, हे मी प्रत्येक शाळेत सांगत असते. त्यामागची कारणं इथे मांडते.

आधी खेळाविषयी. सांगली-मिरज रस्त्याला किंवा साताऱ्यात महामार्गाच्या कडेला जाळी लावलेली हिरवी टर्फ आता सगळ्यांना माहीत आहेत. संध्याकाळी तिथे फुटबॉल चालतो आणि पुढच्या तासाला त्याच जागेत बॉक्स क्रिकेट. फुटसाल त्याहून वेगळा आहे. तो सपाट, टणक जमिनीवर, शक्यतो लाकडी किंवा सिंथेटिक कोर्टवर खेळतात. बाजूला जाळी किंवा भिंत नसते, रेषेबाहेर गेलेला चेंडू पायाने आत घेतात. चेंडू चार नंबरचा आणि मुद्दाम कमी उसळणारा. दोन मीटरवरून सोडला तर तो ५० ते ६५ सेंटिमीटरच वर येतो, त्यामुळे खेळ जमिनीलगत राहतो. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव, आणि चेंडू थांबला की घड्याळही थांबतं.

हा खेळ १९३० साली उरुग्वेतल्या माँटेव्हिडिओ शहरात जन्मला. तिथल्या वायएमसीएमधले शारीरिक शिक्षणाचे शिक्षक हुआन कार्लोस सेरियानी यांनी मुलांना छपराखाली फुटबॉल खेळता यावा म्हणून नियम बसवले. खेळाडूंची संख्या बास्केटबॉलवरून घेतली, गोलाचं माप हँडबॉलवरून आणि गोलरक्षकाचे काही नियम वॉटरपोलोवरून. हाताशी असलेल्या जागेतून नवा खेळ उभा करणारा तो माणूस मला फार जवळचा वाटतो. हँडबॉलचा गोल ३ मीटर रुंद आणि २ मीटर उंच, फुटसालचाही तेवढाच. हँडबॉलचं कोर्ट ४० बाय २० मीटरचं असतं आणि फुटसालला तेच चालतं. म्हणजे ज्या शाळेत हँडबॉलचं कोर्ट आहे, तिथे फुटसालचं कोर्ट तयारच आहे.

आता गोलीच्या जागी उभं राहून पाहू. फुटबॉलचा गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असतो, म्हणजे जवळपास १८ चौरस मीटर. फुटसालचा फक्त ६ चौरस मीटर. ऐकणाऱ्याला वाटतं, काम एक तृतीयांश झालं. पण फटका किती जवळून येतो ते पाहा. ताशी ९० किलोमीटर वेगाने मारलेला चेंडू १० मीटरवरून ०.४ सेकंदात गोलात पोचतो, ६ मीटरवरून ०.२४ सेकंदात. डोळ्याला दिसून हात हलायलाच साधारण ०.२ सेकंद लागतात. चेंडू पाहिला, मग झेप घेतली, हा हिशेब इथे जमत नाही. फटका बसण्याआधीच शरीर योग्य जागी असावं लागतं.

ही योग्य जागा दाखवायला मी कासरा वापरते. गावाकडच्या मुलांना तो लगेच ओळखीचा वाटतो. चेंडू गोलासमोर १० मीटरवर ठेवायचा. दोन कासरे दोन्ही खांबांच्या बुडाला बांधून चेंडूपाशी एकत्र आणायचे. गोलरेषेवर दोन्ही कासऱ्यांत ३ मीटर अंतर असतं. गोलीने ४ मीटर पुढे यायचं आणि तिथलं अंतर मोजायचं. ते भरतं १ मीटर ८० सेंटिमीटर. मग तिसरा कासरा वरच्या आडव्या दांडीपासून चेंडूपर्यंत ताणायचा. गोली उभी आहे तिथे त्याची उंची १ मीटर २० सेंटिमीटर भरते, म्हणजे तिच्या छातीच्या आसपास. त्याहून वरून सरळ रेषेत गेलेला चेंडू दांडीवरूनच जाणार. मुली एकमेकींकडे बघतात. मग मी सांगते, एक गुडघा खाली टेक, दुसरा पाय बाजूला पसर, छाती ताठ ठेव आणि हात बाजूला उघड. दोन्ही बाजूंच्या कासऱ्यांना आता तिचं शरीर जवळजवळ टेकलेलं असतं. "ताई, मग गोल मारायचा कुठनं?" हा प्रश्न आला की पहिला धडा झाला असं मी समजते.

याला आम्ही ब्लॉक म्हणतो, आणि फुटसालच्या गोलीचं अर्धं शिक्षण त्यातच आहे. टीव्हीवर फुटबॉलचे गोली हवेत आडवे झेपावताना दिसतात. फुटसालमध्ये तशी झेप क्वचित लागते. बहुतेक चेंडू पायाने, नडगीने, मांडीने, छातीने अडवले जातात. पकडणं जमलं तर उत्तमच, पण ते प्रत्येक वेळी शक्य नसतं. म्हणून अडलेला चेंडू समोर न पडता बाजूला जाईल अशा कोनात पाय ठेवायला शिकवावं लागतं. तो समोर पडला तर दुसरा फटका ठरलेलाच.

ब्लॉक कधी लावायचा, हे शिकवणं सगळ्यांत अवघड. लवकर खाली बसलं तर समोरचा चेंडू उचलून डोक्यावरून टाकतो, उशीर झाला तर चेंडू दोन पायांमधून जातो. इथे आपल्या दोन जिल्ह्यांतल्या मुलांकडे एक मोठी शिदोरी असते. फलटणपासून सांगलीपर्यंत खो-खो मुरलेला आहे आणि कबड्डी तर गल्लोगल्ली आहे. खो मिळेपर्यंत पाटीत उकिडवं बसायचं आणि खो मिळताच एका दमात सुटायचं, याची सवय असलेल्या मुलीला ब्लॉकमधून झटकन उठायला वेगळं शिकवावं लागत नाही. कबड्डीत कोपऱ्यात उभा राहणारा पोरगा चढाईपटूचा पाय आत येईपर्यंत दम धरतो आणि मगच घोटा पकडतो. तोच दम गोलीला लागतो. माझ्याकडे आलेल्या चांगल्या गोलींमध्ये फुटबॉलपेक्षा या दोन खेळांतून आलेली मुलं जास्त आहेत. खो-खोवाल्या मुलींची पुढे सूर मारण्याची सवय मात्र आवरावी लागते. गोल सोडून पोटावर पडलेली गोली परत उठेपर्यंत चेंडू जाळ्यात गेलेला असतो.

चेंडू अडवला की काम संपत नाही, तिथून संघाचा हल्ला सुरू होतो. समोरच्यांनी मारलेला चेंडू आपल्या गोलरेषेबाहेर गेला, तर गोली तो पायाने मारत नाही, हाताने फेकते आणि तेही चार सेकंदांत. आपल्या अर्ध्यात पायाशी चेंडू असला तरी मर्यादा चार सेकंदांचीच. फेकलेला चेंडू थेट गोलात गेला तर गोल धरत नाहीत, पण मध्यरेषेपलीकडे धावणाऱ्या सहकाऱ्याच्या पावलात पडला तर समोरचा बचाव मोडतो. म्हणून मी सीमारेषेवरून चांगला थ्रो करणाऱ्या क्रिकेटमधल्या मुलांवर नजर ठेवते. हातमोज्यांचा प्रश्न पालक हमखास विचारतात. फुटसालचे बरेच गोली उघड्या हातांनी, बोटांना टेप लावून किंवा बोटं मोकळी असलेले मोजे घालून खेळतात, कारण फेकताना चेंडूची पकड बोटांत लागते. पैसे खर्चायचेच असतील तर आधी गुडघ्याच्या आणि कोपराच्या पॅडवर खर्चा. व्हॉलीबॉलची चालतात.

गोलीच्या पायालाही तेवढंच काम आहे. आपल्या अर्ध्यात एकदा चेंडू खेळल्यावर, समोरच्या संघाचा स्पर्श होईपर्यंत तिला तो सहकाऱ्याकडून तिथे परत घेता येत नाही. मध्यरेषा ओलांडली की हे बंधन उरत नाही. ती सरळ पुढे जाऊन पाचवी खेळाडू होऊ शकते. समोर बचावाला चौघीच असतात, म्हणजे पाच विरुद्ध चार. पिछाडीवर असलेले संघ शेवटच्या मिनिटांत हेच करतात. कझाकस्तानकडून खेळणारा, ब्राझीलमध्ये जन्मलेला हिगुइता या बाबतीत जगभर ओळखला जातो. तो गोल सोडून पुढे येतो, लांबून फटके मारतो आणि गोलही करतो. २०२१ च्या विश्वचषकात कझाकस्तान उपांत्य फेरीपर्यंत गेला, त्यात त्याच्या खेळाचा मोठा वाटा होता. आमच्या मुलींना त्याचे सामने दाखवले की पुढच्या सरावात गोलीसाठी आपणहून हात वर होतात.

एक नियम पालकांनी आवर्जून समजून घ्यावा. एका डावात संघाचे साठणारे फाउल पाचापर्यंत चालतात. सहाव्यापासून समोरच्या संघाला भिंतीशिवाय, १० मीटरवरून थेट फटका मारता येतो. समोर फक्त गोली. पण तिला चेंडूपासून ५ मीटरपर्यंत पुढे येण्याची मुभा असते. कासऱ्याचा हिशेब पुन्हा लावा. ५ मीटरवर झाकायची जागा उरते दीड मीटर रुंद आणि एक मीटर उंच. ज्या मुलीला हे ठाऊक असतं ती पुढे येऊन धीटपणे उभी राहते. जिला कुणी सांगितलेलं नसतं ती रेषेवरच थांबते आणि सहाच्या सहा चौरस मीटर उघडे ठेवते. गोलीचं धैर्य शिकवता येतं, आणि ते मोजमापातून येतं, असं मी म्हणते ते यासाठी.

सरावाचं बोलायचं तर सुरुवात मऊ जागेवर करावी. सिमेंटच्या कोर्टवर पहिल्याच दिवशी ब्लॉक शिकवू नये, कोवळे गुडघे सोलवटतात आणि मनात भीती बसते. कबड्डीची मॅट किंवा तालमीतली मॅट मिळाली तर उत्तम. आधी टेनिसचे चेंडू हळू टाकायचे, डोळे मिटू नयेत म्हणून. मग जवळून फटके, मग समोरून एकटा येणारा खेळाडू. घोटे आणि मांडीचे आतले स्नायू रोज ताणून मोकळे करायचे, कारण पाय पसरताना सगळा ताण तिथेच येतो. चार-पाच फटक्यांनंतर विश्रांती हवी. दमलेला गोली चुकीचा ब्लॉक शिकतो.

आपल्या भागात या खेळाची गरज पावसाळ्यात जास्त जाणवते. साताऱ्यात जून-जुलैत मैदानं चिखलाने भरतात. सांगलीत कृष्णा चढली की मैदानाचा विचारच सोडावा लागतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. अशा महिन्यांत छपराखालचं एक सभागृह मिळालं तर मुलांचा खेळ तुटत नाही. शेजारी कोल्हापूर आहे. तिथे पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या फुटबॉल सामन्याला शाहू स्टेडियम भरतं, आणि ते वेड आमच्या पोरांपर्यंत पोचलेलं आहे. देशपातळीवर फुटसाल अजून कोवळा आहे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने क्लबांची पहिली फुटसाल स्पर्धा २०२१ मध्ये दिल्लीत भरवली, आणि भारताचा राष्ट्रीय संघ २०२३ मध्ये ताजिकिस्तानात आशियाई पात्रता फेरी खेळला. म्हणजे आज जी मुलगी बारा वर्षांची आहे तिच्यासमोर दार उघडं आहे, आणि गर्दी अजून झालेली नाही.

दोन्ही जिल्ह्यांतल्या मुख्याध्यापकांना आणि क्रीडाशिक्षकांना माझी एक विनंती आहे. आपल्या हँडबॉल कोर्टच्या रेषा या दिवाळीच्या सुट्टीत ताज्या रंगवून घ्या. कोर्ट नसेल तर सपाट जागेवर आखा. दोन खांबांच्या जागा ३ मीटर अंतरावर धरून प्रत्येकापासून ६ मीटरच्या दोरीने पाव वर्तुळ काढायचं आणि दोन्ही टोकं सरळ रेषेने जोडायची, की गोलीचं क्षेत्र तयार. समोर ६ आणि १० मीटरवर एकेक ठिपका. चार नंबरचा चेंडू नसेल तर आहे त्यातली थोडी हवा कमी करून सुरुवात करा. कासरा मी घेऊन येते.