चालत्या कारखान्यातील लहान प्रयोग

साखर कारखान्यांच्या मुलखातून येऊन हैदराबादेत स्थायिक झालेल्या श्रोत्यांना 'उतारा' हा शब्द समजावून सांगावयास नको. शंभर किलो ऊस गाळला आणि त्यातून अकरा किलो साखर निघाली, की उतारा अकरा टक्के. जीडीमेटला, बालानगर या आपल्या शहराच्या औद्योगिक वसाहतींत औषधांची मूळ द्रव्ये बनवणारे कारखाने उभे राहिले, त्यांचे सारे गणितही याच शब्दाभोवती फिरते. फरक इतकाच, की तेथे शास्त्रानुसार जेवढा माल निघावयास हवा त्याच्याशी तुलना करून उतारा मोजतात आणि एका औषधासाठी एकामागून एक अशा पाच-सहा क्रिया कराव्या लागतात.

आता हे पाहा. पाच क्रिया आहेत आणि प्रत्येकीचा उतारा ८० टक्के आहे. शंभरातले ऐंशी, त्या ऐंशीतले चौसष्ट, असे करीत शेवटी हाती सुमारे ३३ उरतात. प्रत्येक क्रियेत फक्त पाच टक्क्यांची सुधारणा झाली, म्हणजे उतारा ८५ वर गेला, तर शेवटी ४४ उरतात. त्याच कच्च्या मालातून तिसऱ्या हिश्श्याहून अधिक जादा माल! शिवाय वाया जाणारे द्रव्य कमी झाले की सांडपाण्याचा भारही हलका होतो. जीडीमेटल्याच्या आसपास राहणाऱ्यांना या मुद्द्याचे मोल मी सांगावे असे नाही.

हैदराबादेत या उताऱ्याच्या विद्येला बहर आला तो एका कायद्यामुळे. १९७० चा पेटंट कायदा १९७२ मध्ये अमलात आला आणि औषधावर नव्हे, तर ते बनवण्याच्या कृतीवर तेवढे पेटंट मिळू लागले. कृती बदलली की औषध बनवण्यास वाट मोकळी. सरकारी 'इंडियन ड्रग्ज अँड फार्मास्युटिकल्स'चा कारखाना येथे होताच. त्यात शिकून तयार झालेल्या तज्ज्ञांनी पुढे स्वतःचे उद्योग काढले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून डॉक्टरेट घेतलेले आणि १९८४ मध्ये 'डॉ. रेड्डीज'ची स्थापना करणारे अंजी रेड्डी हे त्यांपैकीच एक. औषधावरील पेटंट २००५ पासून पुन्हा आले. पण ज्याचे पेटंट संपले ते औषध स्वस्तात कोण बनवू शकतो, ही चढाओढ अजूनही उताऱ्याच्याच मैदानावर चालते.

मग हे पाच टक्के सापडावयाचे कसे? लहान कारखानदार येथेच थबकतो. त्याची अडचण खरी आहे. त्याच्याजवळ प्रयोगशाळा बेताचीच. एक बॅच बिघडली तर महिन्याचा नफा गेला, आणि प्रसंगी कामगारांचा पगार लांबणीवर पडला. "कारखाना ही काही प्रयोग करण्याची जागा नव्हे," असे तो म्हणतो, आणि जी रीत चालू आहे ती वर्षानुवर्षे तशीच चालू राहते.

या अडचणीवर जॉर्ज बॉक्स या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये एक उपाय मांडला. ते मूळचे रसायनशास्त्राचे विद्यार्थी. युद्धकाळात प्रयोगांचे आकडे उलगडून सांगणारा कोणी मिळेना, म्हणून स्वतःच संख्याशास्त्र शिकले. पुढे इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीत असताना त्यांच्या ध्यानात आले, की कारखान्यातून मालाबरोबरच माल कसा सुधारावा याची माहितीही बाहेर पडत असते. ती टिपून मात्र कोणी घेत नाही. त्यांच्या पद्धतीला मराठीत 'उत्क्रांतिशील संचालन' म्हणता येईल. नाव जड आहे, गोष्ट सोपी आहे.

समजा, एखादी क्रिया ७० अंश उष्णतेवर चार तास चालते. तिच्या अवतीभवती चार ठिकाणे निवडावयाची: उष्णता ६८ किंवा ७२ अंश, वेळ पंधरा मिनिटे कमी किंवा पंधरा मिनिटे जास्त. मूळची रीत आणि ही चार ठिकाणे अशा पाच बॅचेस म्हणजे एक फेरी. बदल इतका अल्प, की कोणतीही बॅच विक्रीस अयोग्य ठरू नये. अर्थात, बदल अल्प म्हणून परिणामही अल्प. तो रोजच्या चढउतारांत बुडून जातो. म्हणून त्याच पाच बॅचेसची फेरी पुन्हा पुन्हा घ्यावयाची. चार फेऱ्यांची सरासरी काढली की आकड्यांतील डळमळ निम्मी होते, सोळांची काढली की पाव. फरक स्पष्ट दिसला, की ते ठिकाण आपले नवे मूळ ठिकाण ठरवावयाचे आणि तेथून पुढची वाट शोधावयाची. धाडसाच्या जागी येथे चिकाटी लागते, आणि ती लहान कारखान्यालाही परवडते.

दोन गोष्टी एकदम कशाला बदलावयाच्या, असे कोणी विचारील. आपल्या इराणी हॉटेलातला चहा घ्या. मंद आचेवर तो बराच वेळ मुरतो. कोणी आच वाढवली आणि वेळ तेवढाच ठेवला, तर चहा कडवट होणार; आणि तो गृहस्थ 'आच वाढवणे वाईट' असा निकाल देऊन मोकळा होणार. आच अधिक आणि वेळ कमी, ही जोडी त्याने पाहिलीच नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलणाऱ्यास अशा जोड्या भेटत नाहीत.

औषधांच्या बाबतीत एक मर्यादा पाळावीच लागते. औषध नियंत्रकाकडे नोंदवलेल्या कृतीत उष्णता, वेळ इत्यादींच्या सीमा ठरलेल्या असतात. चालत्या बॅचमधील फरक त्या सीमांच्या आतच हवा. पलीकडे जावयाचे तर आधी प्रयोगशाळेत तपासावे आणि रीतसर परवानगी घ्यावी. रुग्णाच्या पोटात जाणाऱ्या वस्तूवर कोणी लपूनछपून हात चालवू नये.

पण माझ्या मते या पद्धतीची खरी कसोटी नोंदवहीत आहे. पुष्कळ कारखान्यांच्या वहीत रात्रपाळीभर तासातासाला ७०, ७०, ७० असे आकडे ओळीने मांडलेले दिसतात. उष्णता इतकी आज्ञाधारक कधीच नसते. पाळी संपताना एका बैठकीत लिहिलेले ते आकडे असतात, कारण ७३ लिहिले तर सकाळी बोलणी खावी लागतात. असल्या आकड्यांवर कितीही फेऱ्या केल्या तरी हाती काही लागावयाचे नाही. बॉक्स यांनी निकालांचा फलक कारखान्यातच, काम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर लावण्याचा आग्रह धरला तो उगीच नव्हे. आकडा कशासाठी हवा आहे हे ज्याला कळते, तो तो खरा लिहितो. ज्यांना या पद्धती शिकावयाच्या आहेत त्यांच्यासाठी भारतीय सांख्यिकी संस्थेची शाखा हैदराबादेतच, हब्शीगुड्यात आहे.

अशा साध्या शिस्तीने किती फरक पडतो याची पारख महाराष्ट्राच्याच सीमेवर झालेली आहे. तारापूर व उंबरगाव येथील १७ कंपन्यांच्या २८ कापड कारखान्यांत २००८ पासून परदेशी अर्थशास्त्रज्ञांनी एक पाहणी केली. काही कारखान्यांना पाच महिने सल्लागार दिले, काहींची फक्त महिनाभर तपासणी केली. सल्लागारांनी नवी यंत्रे आणली नाहीत. माग का थांबला, कापडात दोष कोठे आला, सूत कोणत्या फळीवर किती आहे, हे रोज लिहावयाचे आणि रोज त्यावर बोलावयाचे, एवढेच त्यांनी शिकवले. पहिल्याच वर्षी उत्पादकता सुमारे १७ टक्क्यांनी वाढली. आधी हे का केले नाही, असे विचारता अनेक मालकांचे उत्तर होते, की आमचे ठीकच चालले आहे.

२०१७ च्या सुमारास ते अभ्यासक पुन्हा तेथे गेले. शिकवलेल्या रीतींपैकी जवळजवळ निम्म्या सुटल्या होत्या. तरीही हे कारखाने इतरांच्या पुढेच होते. रीती सुटण्याची मुख्य कारणे दोन आढळली: कोठे व्यवस्थापक बदलला होता, तर कोठे मालकाला त्यांकडे पाहण्यास वेळ उरला नव्हता.