अन्नन्याय : विद्यापीठाचा निधी, वस्तीचे ज्ञान

अन्नसुरक्षा हा शब्द मराठी वाचकाच्या परिचयाचा आहे. अन्नन्याय हा त्यामानाने नवा. धान्य पुरेसे आहे की नाही, हा पहिल्याचा प्रश्न. दुसरा त्यापुढे जाऊन विचारतो, की ते कोणाच्या जमिनीवर पिकले, भाव कोणी ठरवला आणि ताटात काय यावे याचा निर्णय कोणाच्या हाती राहिला. अमेरिकेत या प्रश्नांचा अभ्यास अनेक विद्यापीठे करतात. मात्र ज्या वस्त्यांचा अभ्यास होतो, त्यांच्या पदरात अखेर काय पडते हे तपासण्याचे धाडस थोड्यांनीच दाखवले. ‘फूड डिग्निटी’ हा प्रकल्प त्या थोड्यांपैकी एक.

अमेरिकेच्या कृषी खात्याने २०११ मध्ये या प्रकल्पाला पाच वर्षांसाठी सुमारे ५० लाख डॉलरचे अनुदान दिले. नेतृत्व वायोमिंग विद्यापीठातील क्रिस्टीन पोर्टर यांचे होते. कॉर्नेलसारखे नामांकित विद्यापीठही त्यात सामील होते. त्यांच्या जोडीला पाच स्थानिक संस्था होत्या. त्यांपैकी एक न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात तरुणांना हाताशी धरून शेती करणारी, तर कॅलिफोर्नियातील दुसरी चक्क शेरीफच्या पोलिसांशी संलग्न संस्थेने सुरू केलेली. अनुदानातील काही भाग या संस्थांनी आपल्या परिसरातील रहिवाशांना छोट्या रकमांच्या रूपाने वाटावा, अशी सोय आराखड्यातच होती.

वायोमिंगमधील लॅरामी हे शहर महाबळेश्वरापेक्षाही सुमारे आठशे मीटर अधिक उंचीवर आहे. उन्हाळा आखूड, जूनमध्येही दहिवराची धास्ती. अशा ठिकाणच्या परसबागा म्हणजे हौस, असाच समज. तो खरा आहे का, हे पाहण्यासाठी तीसहून अधिक बागकामकऱ्यांनी तोडलेली प्रत्येक भाजी तराजूत घातली आणि वजन वहीत टिपले. सरासरी २५० चौरस फुटांच्या तुकड्यातून एका प्रौढ व्यक्तीला नऊ महिने पुरेल इतकी भाजी निघाल्याचे आढळले. शिवाय पिकाचा चौथ्या हिश्शाहून अधिक भाग लोकांनी इतरांना देऊन टाकला होता. हे निष्कर्ष २०१६ मध्ये सार्वजनिक आरोग्याच्या एका मान्यवर नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आकडे विद्यापीठाने मांडले खरे, पण तराजू रहिवाशांच्या हाती होता.

त्याच राज्यातील विंड रिव्हर राखीव क्षेत्रात पूर्व शोशोनी आणि उत्तर अरापाहो ही दोन आदिवासी राष्ट्रे राहतात. तेथील स्थानिक संस्थेसोबतच्या कामातून पुढे परसबागेचा आरोग्यावर होणारा परिणाम मोजणारी स्वतंत्र चाचणी उभी राहिली. अशा चाचणीत एका गटाला लाभ मिळतो, दुसरा केवळ तुलनेसाठी उरतो. येथे मात्र दुसऱ्या गटातील कुटुंबांनाही मुदत संपल्यावर बाग करून देण्याचे ठरले. रचनेतील हा बदल लहान दिसतो. पण संशोधकांच्या अनेक फेऱ्या पाहिलेल्या समाजासाठी तो तसा नसतो.

खरी अडचण पैशाच्या वाटेत होती. अमेरिकेतील संशोधन अनुदानात विद्यापीठाला प्रत्यक्ष खर्चाखेरीज इमारत, वीज, हिशेबनीस यांपोटी ठरावीक टक्के रक्कम मिळते. उपकंत्राटावर काम करणाऱ्या छोट्या संस्थेची ही बाजू बहुधा लंगडी असते. त्यातच तिला अनेकदा आधी खिशातून खर्च करून नंतर पावत्या पाठवाव्या लागतात. ज्या संस्थेच्या बँकखात्यात दोन महिन्यांचे पगारही शिल्लक नसतात, तिने हे कसे निभवावे? प्राध्यापकाचे वेतन अनुदान संपल्यावरही चालू राहते. कार्यकर्त्याची नोकरी त्याच तारखेला संपू शकते. दोघांनाही कागदोपत्री ‘भागीदार’च म्हटले जाते.

प्रकल्पाचे वेगळेपण असे, की हा हिशेब त्याने दडवला नाही. २०१८ मध्ये अन्नव्यवस्थेविषयीच्या एका नियतकालिकाने प्रकल्पावर विशेषांक काढला. त्यात पोर्टर यांनी एका सहलेखकासह अनुदानाच्या वाटपाचा माग काढला आणि शीर्षकातच ‘शैक्षणिक वर्चस्व’ असा शब्द वापरला. आपल्याच प्रकल्पाविषयी असे लिहिणे विद्यापीठीय जगात विरळाच. त्याच अंकात वस्त्यांतील कार्यकर्त्यांचे लेखनही त्यांच्या स्वतःच्या नावाने छापले गेले.