कीर्तीची ढाल

संस्थेची कीर्ति वाढूं लागली, कीं ती जपणें हाच पुष्कळांना धर्म वाटूं लागतो. अमेरिकेंतील पेन स्टेट विद्यापीठांत तसेंच घडलें. तेथील फुटबॉल संघाचा माजी साहाय्यक प्रशिक्षक जेरी सँडस्की याला मुलांवरील लैंगिक अत्याचारांबद्दल ५ नोव्हेंबर २०११ रोजीं अटक झाली. त्यांतील एक प्रकार २००१ सालींच वरिष्ठांच्या कानांवर गेला होता. बालसंरक्षण खात्याला मात्र कोणीं कळविलें नाहीं.

चार दिवसांनीं विश्वस्तांनीं मुख्य प्रशिक्षक जो पॅटर्नो यांना पदावरून दूर केलें. त्याच रात्रीं हजारों विद्यार्थी संतापून रस्त्यावर आले. वार्ताहरांची एक मोटारहि त्यांनीं उलथून टाकली.

शिकल्यासवरल्या तरुणांनीं असें कां वागावें? पॅटर्नो १९६६ पासून मुख्य प्रशिक्षक होते. त्यांचा चेहरा घरोघर ओळखीचा होता. पीडित मुलांचा उल्लेख आरोपपत्रांत केवळ क्रमांकांनीं होता. जें दुःख वर्षानुवर्षें झांकून ठेवलें, त्याची कणव लोकांना चटकन् यावी कशी? दडपणुकीनें होणारा हा दुसरा अन्याय होय.

दोनच दिवसांनीं विद्यापीठाच्या आवारांत हजारोंनीं मेणबत्त्या लावून त्या मुलांसाठीं मौन पाळलें. २०१२ च्या जूनमध्यें सँडस्की ४५ आरोपांवर दोषी ठरला. जुलैंत विद्यापीठास सहा कोटी डॉलर दंड झाला. ज्या नांवासाठीं वरिष्ठ गप्प राहिले, तें नांव त्या गप्प राहण्यानेंच बुडालें. आणि मधल्या दहा वर्षांत आणखी मुलें त्या माणसाच्या हातीं सांपडलीं.