ताम्हिणी घाट म्हणजे रॅलीचा सराव नव्हे

"काका, मुळशीहून माणगावला मी गूगल मॅपच्या वेळेआधी वीस मिनिटं पोचतो. आता रॅलीत उतरायचं म्हणतोय."

घाटाचं नाव बदलून हे वाक्य मी दर पावसाळ्यानंतर ऐकतो. कधी ताम्हिणी, कधी वरंधा, कधी आंबेनळी. सांगणारा विशीतला असतो आणि शेजारी उभे असलेले वडील कौतुकानं बघत असतात. त्या मुलाचा मला राग येत नाही. राग येतो तो घाटात गाडी दामटणारा अर्धा रॅली ड्रायव्हर झालाच, असं त्याच्या मनात भरवून देणाऱ्यांचा.

त्या वीस मिनिटांचंच घ्या. रॅलीचा मोठा भाग वाहत्या रस्त्यावरून, वाहतुकीचे सगळे नियम पाळत जातो. एका स्टेजहून दुसऱ्या स्टेजला जायला ठरावीक वेळ दिलेली असते आणि टाइम कंट्रोलवर तुमच्या कार्डावर मिनिट टाकलं जातं. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार एक मिनिट उशीर झाला तर दंड 10 सेकंदांचा. एक मिनिट लवकर आलात तर दंड पूर्ण एका मिनिटाचा. म्हणजे वीस मिनिटं आधी पोचून कार्ड पुढे करणाऱ्याच्या खात्यात थेट वीस मिनिटं जमा होतात आणि तिथेच त्याची रॅली संपल्यात जमा असते.

खरा वेग लागतो तो स्पेशल स्टेजवर. हा रस्ता परवानगी घेऊन बंद केलेला असतो, बहुतेकदा मातीचा. गाड्या एकेक करून, मिनिट-दोन मिनिटांच्या अंतरानं सुटतात आणि स्पर्धा घड्याळाशी असते. रस्ता बंद असल्यामुळे ड्रायव्हर त्याची पूर्ण रुंदी वापरतो. वळणाच्या बाहेरच्या कडेनं आत शिरतो, आतल्या कडेला घासून पुन्हा बाहेर निघतो. आता हेच ताम्हिणीत करून बघा, असं मी कुणालाच म्हणणार नाही, कारण समोरून महामंडळाची एसटी येत असते. तुम्ही आपल्या बाजूनं चालत असाल तर रॅलीची रेषा शिकत नाही आहात. पूर्ण रस्ता वापरत असाल तर कुणाच्या तरी जिवाशी खेळता आहात. उघड्या रस्त्यावर यातून तिसरी वाट नाही.

शिवाय घाट तुम्हाला पाठ असतो. शंभर वेळा गेलात की पुढचं वळण डोळे मिटूनही सांगाल. रॅलीत रस्ता अनोळखी असतो. आधी रेकी करायला मिळते, पण साधारण दोन फेऱ्या, त्याही बांधून दिलेल्या वेगात. तेवढ्यात प्रत्येक वळणाची नोंद करायची: "लेफ्ट 4, ओव्हर क्रेस्ट, डोन्ट कट, 80". आकडा वळणाचा वेग सांगतो. प्रचलित पद्धतीत 6 सगळ्यात भरधाव, 1 सगळ्यात अवघड. 80 म्हणजे पुढच्या वळणापर्यंतचे मीटर. स्पर्धेच्या दिवशी चढाच्या टोकावर समोर फक्त आकाश दिसत असताना, न दिसणाऱ्या डाव्या वळणासाठी स्टिअरिंग फिरवायचं ते या कागदावर विश्वास ठेवून. पाठ केलेल्या घाटात हा विश्वास तयार होत नाही. डांबरावरचे ब्रेकही मातीवर कामी येत नाहीत. सुट्या मातीत लॉक झालेलं चाक पुढे मातीचा ढीग साठवतं आणि गाडी लवकर थांबते, तिथे एबीएस उलट अंतर वाढवतं.

कायदा तर अगदी स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा, 1988, कलम 189: राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक जागी शर्यत किंवा वेगाची चाचणी केली, तर 2019 च्या दुरुस्तीनंतर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर एक वर्षापर्यंत. आणि घरातल्या गाडीची विमा पॉलिसी काढून 'लिमिटेशन्स ॲज टु यूज' हा परिच्छेद वाचा. ऑर्गनाइज्ड रेसिंग, पेस मेकिंग, स्पीड टेस्टिंग, रिलायबिलिटी ट्रायल यांना संरक्षण नाही, असं तिथे छापलेलं असतं. वर्षानुवर्षं हप्ता भरणाऱ्या वडिलांनी तो परिच्छेद वाचलेला नसतो.

बंद केलेल्या रस्त्यावरसुद्धा धोका संपत नाही. सप्टेंबर 2019 मध्ये राजस्थानात राष्ट्रीय रॅलीच्या एका स्टेजवर मोटारसायकल आली आणि तिच्यावरच्या तिघांचा जीव गेला. मार्शल, रेडिओ, रुग्णवाहिका असताना हे घडतं. रविवारच्या घाटात यातलं काय असतं?

मग सुरुवात कुठून करायची? डावीकडच्या सीटवरून.

हे सांगितलं की मुलाचा चेहरा पडतो. नॅव्हिगेटर म्हणजे शेजारी बसून नकाशा धरणारा, हा दुसरा मोठा गैरसमज. नऊ वेळा विश्वविजेता झालेला सेबास्टियन लोएब 2022 ची मॉन्टे कार्लो रॅली साडेदहा सेकंदांनी जिंकला, तेव्हा डावी-उजवी सांगायला शेजारी होत्या इझाबेल गाल्मिश. व्यवसायानं त्या गणिताच्या शिक्षिका.

हे गणित आपल्याकडे टीएसडी रॅलीत शिकता येतं. टीएसडी म्हणजे टाइम, स्पीड, डिस्टन्स. रोजची गाडी चालते. रोडबुकात प्रत्येक फाट्याची बाण काढलेली छोटी आकृती असते, शेजारी अंतर आणि ठरवून दिलेला सरासरी वेग, तोही कायद्यात बसणारा. लपलेल्या कंट्रोलवर नेमक्या वेळी पोचायचं. लवकर आलात तरी दंड, उशीर झाला तरी दंड. पहिल्याच फेरीत गाडीच्या किलोमीटरच्या आकड्यात आणि रोडबुकाच्या अंतरात फरक पडतो. तो फरक काढून पुढचा प्रत्येक आकडा दुरुस्त करत जावं लागतं, गाडी हलत असताना, मळमळत असताना. मी दोन वर्षं हेच केलं आणि रस्ता वाचायला तिथे शिकलो. मात्र स्पर्धेच्या दिवशी आपली पॉलिसी लागू राहील का, हे विमा कंपनीकडून लेखी विचारून घ्या.

वेगाची हौस ऑटोक्रॉसमध्ये भागवा. मोकळ्या मैदानात मातीचा छोटा मार्ग आखतात आणि घड्याळ लावून एका वेळी एकच गाडी सोडतात. चुकलात तर गाडी गरकन फिरून धुळीत उभी राहते, दरीत जात नाही. त्यानंतर स्टेज रॅली. त्यासाठी एफएमएससीआयचं, म्हणजे देशातल्या मोटरस्पोर्टच्या मान्यताप्राप्त संघटनेचं, स्पर्धा-लायसन्स लागतं. अंतर वाहत्या रस्त्यावरूनही कापायचं असल्यानं आरटीओचं लायसन्स लागतंच.

बाकीचे समज थोडक्यात. चारही चाकं ओढणारी गाडी हवीच असं नाही. आपल्या राष्ट्रीय रॅलीत वर्षानुवर्षं पोलो धावते आणि तिची पुढचीच चाकं ओढतात. बायकांचा हा खेळ नव्हे म्हणणाऱ्यांसाठी: मिशेल मूटाँ 1981 मध्ये सानरेमो रॅली जिंकली आणि 1982 च्या विश्वस्पर्धेत दुसरी आली. लहानपणीच सुरुवात हवी, हेही खरं नाही. लोएब आधी जिम्नॅस्ट होता. खर्च मात्र खरा आहे, पण लोक तो उलट्या क्रमानं करतात. आधी एक्झॉस्ट, मग मोठी चाकं, हेल्मेट सगळ्यात शेवटी. स्टेज रॅलीच्या गाडीत रोल केज, सहा पट्ट्यांचा हार्नेस, आग विझवणारं यंत्र, मानेला आधार देणारं उपकरण आणि अग्निरोधक कपडे हे सगळं आधी, इंजिन नंतर.

आणि एक रुपयाही न घालता आत शिरायचं असेल, तर मार्शल व्हा. नाशिकजवळच्या एका स्टेजवर मी पहाटे साडेपाचपासून एका वळणावर शिट्टी आणि लाल झेंडा घेऊन उभा होतो. प्रत्येक गाडीत एक फलक असतो, एका बाजूला हिरवा 'ओके', दुसऱ्या बाजूला लाल 'एसओएस'. नऊच्या सुमारास एक गाडी आमच्यापुढच्या वळणावर उलटली. धूळ खाली बसेपर्यंत काहीच दिसेना. मग नॅव्हिगेटर खिडकीतून बाहेर आली, रस्त्याच्या कडेनं मागे पळत गेली, आधी तांबडा त्रिकोण ठेवला आणि मागून येणाऱ्या गाडीला दिसेल असा हिरवा फलक दोन्ही हातांनी वर धरला. ड्रायव्हर अजून पट्टा सोडवत होता.

त्या मुळशीच्या मुलाला मी पुढच्या रॅलीसाठी मार्शल म्हणून नाव द्यायला सांगितलं आहे. वळण मी निवडून देईन.