रंग निवडणारे चक्र

जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरील देहूरोड हे छावणीचे गाव प्रकाशाच्या भाषेला अपरिचित नाही. येथील आयुधनिर्माणी, जी २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीच्या अखत्यारीत आहे, ती संकेताच्या व प्रकाशाच्या दारूगोळ्यासाठी ओळखली जाते. आणि स्ट्रॉन्शियमच्या क्षारांनी तांबडी किंवा बेरियमच्या क्षारांनी हिरवी ज्वाळा उजळून, शब्दाचा उच्चार न करता दूरच्या माणसाला ठराविक अर्थ कळविणे हे त्या विद्येचे मर्म होय. याच गावापासून कात्रजकडे जाणारा बाह्यवळण मार्ग रावेत, ताथवडे, वाकड, बाणेर असे टप्पे घेत पाषाणच्या बाजूने निघतो. पाषाणला १९५० साली उभी राहिलेली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, २००६ साली स्थापन झालेली आयसर आणि राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेचा एक परिसर अशा संस्था एकमेकींच्या शेजारी वसल्या आहेत. अशा संस्थांतून रंगांनी अर्थ कळविण्याची एक दुसरी, फार सौम्य विद्या नित्य आचरली जाते. तिचे साधन म्हणजे फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शक, आणि त्या साधनाचा बाहेरून फारसा न दिसणारा, परंतु ज्याच्या निवडीवर पुष्कळदा सगळ्या प्रयोगाचे भवितव्य अवलंबून असते असा भाग म्हणजे फिल्टर व्हील, अर्थात रंग निवडणारे चक्र.

संकेताची ज्वाळा स्वतः जळून प्रकाश देते. प्रतिदीप्ती, म्हणजे फ्लुओरेसन्स, देणारे द्रव्य जळत नाही, ते एका रंगाचा प्रकाश शोषून घेते आणि क्षणार्धात त्याहून अधिक तरंगलांबीचा, म्हणजे तांबड्या टोकाकडे सरकलेला, प्रकाश परत देते. जॉर्ज स्टोक्स याने १८५२ साली क्विनीनच्या द्रावणावर प्रयोग करून हा नियम मांडला. पुढे १९४१ साली अल्बर्ट कून्स याने प्रतिपिंडाला प्रतिदीप्त रंग जोडून रोगजंतूंचा पत्ता लावण्याची युक्ती काढली, १९६७ च्या सुमारास हॉलंडमधील प्लूम याने वरून प्रकाश टाकणाऱ्या सूक्ष्मदर्शकात डायक्रोइक आरशाचा उपयोग रूढ केला, आणि जेलीफिशमधील हिरव्या प्रथिनावरील कार्याबद्दल २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा जिवंत पेशीतील घडामोडी रंगांनी पाहणे ही जगभरच्या जीवशास्त्राची नित्याची रीत होऊन गेली होती.

या सर्व प्रकारात अडचण एकच, आणि ती मोठी आहे. नमुन्यावर आपण जो प्रकाश टाकतो त्याच्या मानाने नमुन्यातून परत येणारा प्रकाश लाखो पटींनी क्षीण असतो. तेव्हा टाकलेल्या प्रकाशाचा एक कणही कॅमेऱ्यापर्यंत पोचू न देता परतलेल्या प्रकाशाला मात्र निर्वेध वाट मोकळी करून देणे, हे काम तीन काचांच्या त्रिकुटाला करावे लागते. पहिली काच दिव्याच्या प्रकाशातून हवा तेवढाच पट्टा निवडते, दुसरी, म्हणजे पंचेचाळीस अंशांत बसविलेला डायक्रोइक आरसा, तो पट्टा नमुन्याकडे वळविते व परतणाऱ्या प्रकाशाला आरपार जाऊ देते, आणि तिसरी उरलासुरला उद्दीपक प्रकाश दहा लाखांत एक अंश इतका खाली दाबून टाकते. पेशीकेंद्र दाखविणारा डॅपी हा रंग सुमारे ३५८ नॅनोमीटरला उद्दीपित होऊन ४६१ च्या आसपास निळा उजळतो, तर फ्लुओरेसीन ४९५ ला उद्दीपित होऊन ५१९ ला हिरवा. म्हणजे प्रत्येक रंगाला निराळे त्रिकूट लागते. हे त्रिकूट एका पेटीत बसवितात, तिला क्यूब म्हणतात, आणि अशा पाच-सहा पेट्यांचे फिरते बूड बहुतेक सूक्ष्मदर्शकांत असतेच.

मग फिल्टर व्हील कशाला, हा प्रश्न खरेदीच्या प्रस्तावावर शिफारस लिहिणाऱ्याने स्वतःला प्रथम विचारावयास हवा. मावळातल्या एखाद्या क्षयरोग-तपासणी केंद्रात ऑरामिन या रंगाने रंगविलेल्या थुंकीच्या काचपट्ट्या पाहावयाच्या असतील, तर एकच रंग, एकच त्रिकूट आणि एक निळा एलईडी दिवा एवढ्याने काम भागते. जुन्या झील-नील्सन पद्धतीत तेल लावून हजारपट वर्धनाने चिमुकले क्षेत्र पाहावे लागे, त्याऐवजी येथे दोनशे ते चारशेपट वर्धनात मोठे क्षेत्र थोड्या वेळात तपासून होते. म्हणूनच २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने या कामी एलईडी सूक्ष्मदर्शकाची शिफारस केली. अशा केंद्राच्या मागणीपत्रकात फिल्टर व्हील लिहिणे म्हणजे सरकारी तरतुदीचा अपव्यय होय, आणि तेवढ्याच रकमेत दुसरा साधा सूक्ष्मदर्शक घेऊन आणखी एका तंत्रज्ञाच्या हाताला काम द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मृत, स्थिर केलेल्या ऊतींच्या छेदांवर काम करणाऱ्यालाही चक्राची निकड नसते. छेद जागचा हलत नाही, आणि एका रंगाकडून दुसऱ्याकडे जाण्यास अर्धा सेकंद लागला काय अथवा पाच सेकंद लागले काय, त्याच्या निष्कर्षात फरक पडत नाही.

फरक पडतो तो जिवंत पेशीत. मज्जापेशीच्या लांब तंतूतून प्रथिनांच्या पिशव्या वाहून नेल्या जातात, त्यांतील चपळ पिशव्यांचा वेग सेकंदाला सुमारे १ मायक्रॉन असतो, आणि उत्तम भिंगाची विभेदनमर्यादा पाव मायक्रॉनच्या आगेमागे असते. पिशवीला हिरवा व तिच्यातील मालाला तांबडा रंग दिला आहे असे समजा. प्रत्येक चित्राला १०० मिलिसेकंद लागतात, आणि पेट्यांचे जड बूड फिरून स्थिर होण्यास ५०० मिलिसेकंद घेते. तर दोन चित्रांमधील ६०० मिलिसेकंदांत पिशवी ०.६ मायक्रॉन पुढे गेलेली असते, आणि माल पिशवीच्या आत असूनही चित्रात तो बाहेर पडलेला दिसतो. याउलट हलके फिल्टर व्हील शेजारच्या खणावर ५० मिलिसेकंदांच्या आसपास जाऊन थांबते. तेव्हा विस्थापन ०.१५ मायक्रॉन, म्हणजे भिंगाला ओळखूच न येण्याइतके, राहते. परंतु चित्र घेण्यासच जर पूर्ण एक सेकंद लागत असेल, तर चक्र कितीही वेगवान घेतले तरी पिशवी चित्रातच पुसट रेघ होऊन बसणार; तेथे पैसा चक्रावर नव्हे, अधिक संवेदनशील कॅमेऱ्यावर किंवा अधिक तेजस्वी रंगावर खर्चावा हे उघड आहे. आपल्या नमुन्यात काय हलते आणि किती वेगाने हलते, हे ज्याने मोजले नाही त्याने विक्रेत्याचे दरपत्रक उघडूच नये.

फिल्टर व्हीलची रचना पिस्तुलाच्या फिरत्या कोठीप्रमाणे असते: धातूची एक वर्तुळाकार तबकडी, तिच्या कडेने सहा, आठ किंवा दहा खण, प्रत्येक खणात २५ अथवा ३२ मिलिमीटर व्यासाचा फिल्टर, आणि मध्ये मोटर. ते दोन ठिकाणी बसू शकते, दिव्यापाशी किंवा कॅमेऱ्यापाशी, आणि दोन्ही ठिकाणी बसविण्याची रीतही आहे. क्यूबमध्ये चार पट्ट्यांचा एकच डायक्रोइक आरसा कायम ठेवून उद्दीपनाचे व उत्सर्जनाचे फिल्टर दोन चक्रांतून बदलण्याच्या योजनेला जाणकार सेडाट यांच्या नावाने ओळखतात. उत्सर्जनाकडेही एकच बहुपट्टी फिल्टर कायम ठेवून केवळ उद्दीपन बदलण्याची योजना पिंकेल यांच्या नावाने प्रसिद्ध आहे. दुसरी वेगवान खरी, पण तीत एका रंगाचा प्रकाश दुसऱ्याच्या चित्रात झिरपण्याची भीती राहते. पूर्वी पारा-दिव्याचा अखंड झोत असे, दोनतीनशे तासांत दिवा बदलावा लागे, आणि उद्दीपनाचे चक्र अपरिहार्य होते. आता वेगवेगळ्या रंगांचे एलईडी मिलिसेकंदाहूनही कमी वेळात चालू-बंद होतात, त्यामुळे दिव्याकडचे चक्र बहुतेक ठिकाणी अनावश्यक झाले आहे. उत्सर्जनाकडचे चक्र मात्र टिकून आहे, आणि निवडीचा खरा कस तेथेच लागतो.

याचे कारण असे की कॅमेऱ्यापुढे बसलेल्या चक्राचा प्रत्येक दोष चित्रात उतरतो. तबकडी धाडकन सुरू होऊन धाडकन थांबली, तर तिचा धक्का सूक्ष्मदर्शकाच्या अंगातून नमुन्यापर्यंत जातो. म्हणून निवडताना केवळ फिरण्याचा वेळ विचारू नये, थांबल्यावर कंप विरण्यास किती वेळ लागतो तेही विचारावे, आणि शक्य तर चक्राला स्वतंत्र आधार द्यावा. फिल्टरच्या दोन बाजू किंचित जरी असमांतर असल्या, तरी प्रत्येक रंगाचे चित्र निराळ्या दिशेला सरकते. याकरिता सरकण विरहित अशी हमी असलेलेच फिल्टर घ्यावेत. आजच्या मोठ्या कॅमेऱ्यांच्या संवेदकाचा कर्ण १९ मिलिमीटरच्या घरात असतो, आणि २५ मिलिमीटरच्या फिल्टरचा खरा उपयोगी भाग कडीमुळे २५ मिलिमीटरहून कमी उरतो. चक्र संवेदकापासून जरा दूर बसले की चित्राचे कोपरे काळवंडतात, तेथे ३२ मिलिमीटरचे चक्रच योग्य. शिवाय चक्राच्या जाडीने प्रकाशमार्ग लांबतो, आणि योग्य अडॅप्टर न घेतल्यास डोळ्याला स्पष्ट दिसणारा नमुना कॅमेऱ्याला अंधुक दिसतो.

फिल्टर खणात बसविण्याचे काम एकदा तरी जवळून पाहावे. हातमोजे घालून, काचेला स्पर्श न करता, कडीला धरून फिल्टर उचलायचा. कडीच्या बाजूवर कोरलेला बारीक बाण पाहायचा, आणि त्या बाणाचा अर्थ निर्मात्यागणिक उलटा असू शकतो हे लक्षात ठेवून सोबतच्या कागदाशी रुजवात घालायची. मग धरणारी चकती हलकेच आवळायची, कारण जोराने आवळल्यास काचेवर ताण येऊन ती वाकते. एक खण रिकामा ठेवावा, साध्या प्रकाशात पाहण्यासाठी. एक धातूच्या चकतीने बंद करावा. म्हणजे चार रंगांच्या प्रयोगाला सहा खण लागतात, आणि उद्या पाचवा रंग आला तर जागा उरत नाही. दहा खणांच्या चक्राची तबकडी मोठी व जड, म्हणून हळू. हा व्यवहार ज्याचा त्यानेच तोलावा.

मावळच्या हवेचा विचार परदेशी निर्मात्याच्या माहितीपत्रकात नसतो. लोणावळ्याच्या घाटातून उतरणारा पावसाळा देहूरोड-तळेगावपर्यंत चार महिने हवा दमट ठेवतो, आणि भिंगांवर व फिल्टरांच्या कडांशी बुरशीची जाळी धरते. तेव्हा न वापरलेले फिल्टर सिलिका जेलच्या बंद पेटीत ठेवावेत, आणि यंत्राच्या खोलीत ओलावा शोषणारे यंत्र अखंड चालवावे. वीज गेली की साध्या स्टेपर मोटरचे चक्र आपण कोणत्या खणावर होतो हे विसरते. त्याला स्वतःचे मूळस्थान शोधणारा संवेदक असावा, आणि यूपीएसच्या जोडणीत चक्राच्या नियंत्रकाचाही समावेश असावा. संगणकावर मायक्रो-मॅनेजर हे सूक्ष्मदर्शक चालविणारे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी खरेदीपूर्वीच त्याच्या समर्थित उपकरणांच्या यादीत आपले चक्र आहे की नाही ते पाहावे.

निविदेच्या मसुद्यात खणांची संख्या व व्यास तर लिहावेतच, पण शेजारच्या खणावर जाण्याचा वेळ व स्थिरावण्याचा वेळ वेगवेगळे लिहावेत. नाहीतर तुलनापत्रकात सर्वांत स्वस्त दर नियमानुसार मंजूर होतो आणि तक्रारीला आधार उरत नाही. यंत्र आल्यावर चारही रंगांत उजळणारे सूक्ष्म मणी काचपट्टीवर घेऊन प्रत्येक फिल्टरमधून एकाच ठिकाणचे चित्र घ्यावे व ती एकमेकांवर ठेवून पाहावीत. नंतर चक्राला रात्रभर उलटसुलट खणांवर फिरत ठेवून सकाळी तीच चित्रे पुन्हा घ्यावीत. मणी जागच्या जागी असतील, तरच बसवणीच्या दाखल्यावर सही करावी आणि उरलेल्या रकमेचे बिल लेखा विभागाकडे पाठवावे.